हातचा

आरोग्य केंद्राच्या भिंतीवर, पडद्यात, एक बाई उभी असते.
निळा शर्ट. पंख्याखालीही न उडणारे केस.
कुणी माइकात बोललं की तिचे हात हलू लागतात:
क्रमांक सेहेचाळीस, दार तीन,
ओळखपत्र काढून ठेवा.
आई बघते, मान डोलावते, ओळखपत्र काढते.
बेलेमच्या या चिकट दुपारी
माझे हात मांडीवर पडून आहेत,
सुट्टी लागलेल्या पोरांसारखे,
काय करावं ते न सुचून.

सहा वर्षांची होते तेव्हापासून
बँकेतला कारकून, घरमालक, वीज कापायला आलेला माणूस
माझ्या डोक्यावरून आईशी बोलायचे
आणि माझ्या बोटांतून तिच्यापर्यंत पोचायचे.
"सांग तुझ्या मुकीला," ओदिलॉन दुकानदार म्हणायचा,
"उधारी फार झाली. आणि असल्यांनी पोरं कशाला..."
मी सांगायचे: उधारी फार झाली.
उरलेलं, बेरजेत हातचा धरतात तसं, धरून ठेवायचे.
पुढच्या घरात तो कधी मिळवलाच नाही.

बाबांच्या पोटात गाठ आहे, असं डॉक्टर वाल्दिर म्हणाले
तेव्हा मला त्या गाठीची खूण येत नव्हती.
मी दोरीची गाठ दाखवली.
आई म्हणाली, मग सोडवू की.

निळ्या शर्टाच्या बाईकडे सगळ्या खुणा आहेत.
एखादी नसली तर ती शब्द अक्षर अक्षर करून बोटांवर लिहिते,
पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी.
फक्त भुवया हलत नाहीत.
आणि आईच्या भाषेत प्रश्न भुवयांत राहतो.
दुखतं, आणि दुखतं का,
हात तेच, कपाळ वेगळं.
त्यामुळे एक्स-रेच्या रांगेतल्या बहिऱ्या कोळ्याला
बाई ठामपणे सांगते:
तुम्ही उपाशी आहात. तुम्ही गरोदर आहात.
आई एवढ्या मोठ्यानं हसते की नर्स दचकते.
तिनं बाईचं नाव ठेवलंय:
तर्जनीनं भुवई पुसून टाकायची. झालं नाव.

आई बाजारात जांबूच्या जुड्या विकते.
ते पान चावलं की ओठ, जीभ, सगळं बधिर.
नवं गिऱ्हाईक घाबरलं
की ती आपल्या कानाला हात लावून दाखवते:
एवढंच असतं ते. कुणी मरत नाही.

गेल्या आठवड्यात ओदिलॉनच्या मुलाच्या दुकानात
आईनं फोन गल्ल्यावर उभा करून ठेवला.
तो मीठ मोजता मोजता काहीतरी पुटपुटला
आणि फोनमधल्या त्याच बाईनं
सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही.
माझ्या पोटात खड्डा.
आईनं मीठ पिशवीत टाकलं, सुटे पैसे मोजून घेतले.
बाहेर आल्यावर म्हणाली,
याचा बापही हेच म्हणायचा.
तुला कसं कळलं?
तुझे हात थांबायचे ना मध्येच,
तेवढ्यात मी त्याचं तोंड बघून घ्यायचे.

बत्तीस वर्षं मी तो हातचा सांभाळत होते.
तिनं तेव्हाच मिळवून टाकला होता.

दार तीन. डॉक्टर नवी आहे,
नखांवर पिवळा रंग, टेबलावर अर्धा खाल्लेला आंबा.
ती फोनकडे बघून बोलते, सावकाश, बराच वेळ.
बाई हात हलवते, स्वच्छ, न अडखळता,
आणि गाठ म्हणजे गाठच सांगते,
दोरीची नव्हे.
आई शेवटपर्यंत वाचते.
मग फोन टेबलावर पालथा घालते
आणि माझ्याकडे वळून,
दोन्ही भुवया उंचावून, विचारते:
आवाज कसा होता तिचा?

माझे हात वर येतात.
थांबतात.
आई माझं तोंड बघून घेते.